घोडं नेमकं कुठे अडलंय? समाजकार्याच्या लघुप्रबंधाचा प्रश्न असा शोधा

जुलै संपत आला की माझ्या टेबलावर सिनॉप्सिसची, म्हणजे लघुप्रबंधाच्या आराखड्यांची, चळत वाढायला लागते. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाची मुलं विषय घेऊन येतात आणि दर वर्षी शीर्षकं जवळपास तीच असतात. ‘पुणे शहरातील असंघटित कामगारांच्या समस्यांचा अभ्यास’. ‘झोपडपट्टीतील महिलांच्या आरोग्यविषयक समस्या’. ‘ज्येष्ठ नागरिक : समस्या व उपाय’. आठ वर्षं वस्तीत काम केल्यावर मी शिकवायला लागले, त्याला आता बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझी खात्री पटली आहे की लघुप्रबंध बिघडतो तो या पहिल्या ओळीतच. पुढे प्रश्नावली कितीही मेहनतीने केली, तक्ते कितीही रंगीत काढले, तरी ती चूक भरून निघत नाही.

हे मी स्वतः भोगलं आहे. विद्यार्थिनी असताना मी पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत ‘वस्तीतील महिलांच्या समस्या’ असा विषय घेतला होता. ६२ प्रश्नांची प्रश्नावली आणि शंभर बायका. पाणी, संडास, नवऱ्याची दारू, रेशनकार्ड, मुलांची शाळा, सगळं त्यात होतं. एका मावशींनी लसणाचं पोतं सोलायला घेतलं होतं. किलोवर पैसे मिळायचे, त्यामुळे हात थांबवणं परवडणारं नव्हतं. तरी त्यांनी मला पाऊण तास दिला. शेवटचा प्रश्न झाल्यावर त्यांनी विचारलं, “पोरी, आता याचं काय होणार?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं. प्रबंध पूर्ण झाला, मार्कही मिळाले. निष्कर्ष काय निघाला, तर बहुसंख्य महिलांना पाण्याची अडचण आहे. ते तर नळावरच्या रांगेकडे पाहून कुणीही सांगितलं असतं. शंभर बायकांचा वेळ मी घेतला आणि त्यांना आधीपासून माहीत असलेली गोष्ट टक्केवारीत लिहून काढली. त्या वेळेचं ऋण मला अजून जाणवतं. म्हणून प्रश्न नेमका करण्याबद्दल मी आग्रही आहे.

सामाजिक समस्या आणि संशोधनाची समस्या यांत मुलांची गल्लत होते. दारू, बेरोजगारी, घरातली मारहाण या सामाजिक समस्या आहेत. त्या खऱ्या आहेत, मोठ्या आहेत. पण त्या जशाच्या तशा अभ्यासता येत नाहीत. संशोधनाची समस्या म्हणजे त्या मोठ्या दुखण्यातली अशी एक जागा, जिथे काय चाललंय हे अजून कुणाला नीट ठाऊक नाही आणि जी तुम्ही तुमच्या दोन पायांनी, तुमच्याकडच्या वेळात जाऊन पाहू शकता. मी वर्गात एकच विचारते: घोडं नेमकं कुठे अडलंय? ‘गरिबी आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे. कुठल्या माणसाचं, कुठल्या दिवशी, कुठल्या खिडकीपाशी, कुठल्या कागदापाशी अडलं, ते सांगा.

सगळी पायरी-पायरी सांगत बसण्यापेक्षा एक विषय कसा घडला तेच सांगते. सगळ्या युक्त्या त्यातच आल्या आहेत.

अड्ड्यावरून सुरुवात

लातूरकडची एक मुलगी माझ्याकडे होती. फील्डवर्क बांधकाम मजुरांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेत, आठवड्याचे दोन दिवस. तिचा विषय वर लिहिलेला पहिलाच: पुणे शहरातील असंघटित कामगार. मी तिला म्हटलं, या शीर्षकात हमाल आले, मोलकरणी आल्या, रिक्षावाले आले, कागद-काच-पत्रा गोळा करणाऱ्या आल्या, घरी बसून लसूण सोलणाऱ्याही आल्या. तू कुणाला भेटलीस? ती म्हणाली, वारजे माळवाडीच्या मजूर अड्ड्यावरच्या बायकांना. मग विषय तिथेच आहे. शहर सोडून दे.

एका माणसाने अख्ख्या शहराचा अभ्यास करायचा नसतो. पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी धनंजयराव गाडगीळांनी केली, तिचे दोन खंड निघाले, पण त्यामागे गोखले अर्थशास्त्र संस्था उभी होती. तुमच्यामागे कोण आहे? एक गाइड, एक वही आणि दिवाळी ते फेब्रुवारी एवढा काळ.

तिला मी पहिलं काम दिलं ते असं: तीन सकाळी अड्ड्यावर जा आणि कुणाला काहीही विचारू नको. नुसतं उभं राहा. साडेसातला जा, दहाला परत ये. दिसेल ते त्याच दिवशी लिही, आणि बायकांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत लिही. ‘महिला कामगारांनी असमाधान व्यक्त केले’ असं लिहिलेलं मला चालत नाही.

तिची रेकॉर्डिंगची, म्हणजे फील्डवर्कच्या नोंदींची, वही माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत डबा, डोक्याला बांधायचं फडकं, काहींच्या हातात स्वतःचं घमेलं. बहुतेक बायका बिगारी काम करणाऱ्या. टेम्पो आला की घोळका धावतो, “चार बिगारी, दोन मिस्त्री” अशी हाळी येते, मजुरीचा रोज ठरतो आणि माणसं टेम्पोत चढतात. काम लागलं तर लागलं. दहानंतर उरलेल्या बायका फूटपाथवर बसून डबा खातात आणि घरी जातात.

दुसऱ्या आठवड्यात ती नवं शीर्षक घेऊन आली: ‘महिला बांधकाम कामगारांमधील कल्याणकारी योजनांविषयी जनजागृतीचा अभाव’. इथे मी प्रत्येक मुलाला थांबवते. ‘जनजागृतीचा अभाव’ हे शीर्षकात आलं की तुम्ही उत्तर आधीच लिहून टाकलं. लोकांना माहीत नाही म्हणून मिळत नाही, हे तुम्ही धरून चाललात. शिवाय त्यात दोष गरिबाच्या डोक्यात आहे असं गुपचूप म्हटलं जातं, हे मला जास्त खटकतं. मी तिला म्हटलं, उद्या जाऊन फक्त एवढंच विचार की कामगाराचं कार्ड तुम्हाला ठाऊक आहे का.

बायका म्हणाल्या, “पेटी मिळती, भांडी मिळत्यात, ते कार्ड ना? ठाऊक हाय की.” सरकारच्या बांधकाम कामगार मंडळाकडून नोंदीत मजुरांना मिळणारी पेटी आणि भांड्यांचा संच अड्ड्यावर सगळ्यांना पाठ होता. कुणाच्या भावजयीला मिळाला, कुणाच्या जावेला नाही मिळाला, हेही. जागृती पुरेपूर होती. अडलं होतं दुसरीकडे.

कागदाची वाट काढा

आता मी तिला जे करायला लावलं ते कुठल्याही योजनेच्या, कायद्याच्या, सेवेच्या विषयाला लागू पडतं. एक मोठा कागद घ्या आणि माणूस ज्या वाटेने जातो ती वाट काढा. हिची वाट अशी झाली: अड्डा, मग काम, मग कामाची नोंद, मग ९० दिवसांचा दाखला, मग अर्ज, मग तपासणी, मग कार्ड, मग दर वर्षी नूतनीकरण. प्रत्येक टप्प्यापाशी लिहायचं: इथे कुणाकडे जावं लागतं, तो काय मागतो, न दिलं तर काय होतं.

तेव्हाच्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात नोंदणीची अट स्पष्ट होती. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम केलेलं असणं. पैशांची तरतूदही होती. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो तो यासाठीच. आता हा ९० चा आकडा आणि अड्डा शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाच ठेकेदाराकडे वर्षभर असणाऱ्याला ९० दिवसांवर सही मिळवणं निदान शक्य तरी आहे. अड्ड्यावरची बाई आज कोथरूडला एका फ्लॅटची फरशी फोडते, उद्या बावधनला वाळू चाळते, परवा काम लागत नाही. तिच्या ९० दिवसांचे मालक तीसएक असतील. सही कुणाची घ्यायची?

इथे पेन्सिलीने गोल करा. घोडं अडलंय त्या जागेपर्यंत तुम्ही पोचलात.

जिथे कायदा किंवा योजना एखादा आकडा घालून देते, तिथे संशोधकाला तयार मापपट्टी मिळते. ९० दिवस हा असाच आकडा. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यावी आणि पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असं म्हटलं आहे. शिक्षणहक्क कायद्यात २५ टक्के जागा आहेत. कागदावरचा आकडा आणि माणसाच्या आयुष्यातला आकडा यांच्यामध्ये जे होतं, त्यात विषयांची खाण आहे. ‘घरगुती हिंसाचाराचा अभ्यास’ घेऊन आलेल्या दुसऱ्या एका मुलीला मी एवढंच विचारलं होतं: अर्ज केल्यापासून पोटगीचा पहिला रुपया हातात पडेपर्यंत ती बाई भाजी कशावर आणते? तिचा प्रश्न तिथेच मिळाला.

एक वाक्य जे मी वाचून पुढे गेले

अड्ड्याच्या विषयात दोन जागा अडणाऱ्या दिसत होत्या: दाखला आणि नूतनीकरण. मुलीला दोन्ही हव्या होत्या. मी म्हटलं, एक. तिला वाईट वाटलं, कारण नूतनीकरणासाठी खेटे घालणाऱ्या दोन बायकांशी तिची चांगली ओळख झाली होती. पण दोन प्रश्न घेतले की दोन्ही अर्धे राहतात, हे मी फार वेळा पाहिलं आहे. तिने दाखला निवडला.

तरीही प्रश्न अजून नेमका झालेला नव्हता. ‘दाखला मिळवताना येणाऱ्या अडचणी’ असं लिहिलं की पुन्हा अडचणींची यादी होते: पैसे मागतात, हेलपाटे पडतात, सर्व्हर बंद असतो. खरं आहे, पण त्यासाठी संशोधन कशाला? आम्ही तिची वही पुन्हा काढली. त्यात एका बाईचं वाक्य होतं: “आमची हजेरी मालकाच्या नावावर पडती.” मी ते आठवडाभर आधी वाचलं होतं आणि पुढे गेले होते. मालक म्हणजे ठेकेदार, असं मी धरलं. मुलीने ते मोठ्याने वाचलं आणि थांबून म्हणाली, “मॅडम, मालक म्हणजे तिचा नवरा.”

मराठवाड्यातल्या, सोलापूरकडच्या कित्येक बाया नवऱ्याला मालक म्हणतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण वाचताना कान बंद होते. ती बाई सांगत होती की नवरा-बायको जोडीने कामाला गेले की मुकादमाच्या वहीत नाव एकट्या नवऱ्याचं लागतं. म्हणजे तिचे ९० दिवस भरत नाहीत असं नाही. ते भरतात, पण तिच्या नावावर भरत नाहीत.

त्या दुपारी आम्हा दोघींना विषय सापडला. आता प्रश्न असा झाला: वारजे माळवाडीच्या मजूर अड्ड्यावरून नवऱ्याबरोबर जोडीने कामाला जाणाऱ्या बायकांच्या कामाच्या दिवसांची नोंद कोण, कुठे आणि कुणाच्या नावावर ठेवतं, आणि त्यामुळे त्यांना ९० दिवसांचा दाखला मिळण्यात काय फरक पडतो?

या वाक्यात माणूस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे, ज्या एका गोष्टीकडे बघायचं ती ठरलेली आहे. आणि उत्तर मला ठाऊक नाही, तिलाही ठाऊक नव्हतं. हे फार महत्त्वाचं. मी मुलांना विचारते, तुझ्या प्रश्नाचं कुठलं उत्तर आलं तर तुला धक्का बसेल? ज्याला असं एकही उत्तर सुचत नाही, त्याने अजून प्रश्न काढलेला नाही.

शब्दांची मापं घ्या

प्रश्न मिळाला की त्यातला एकेक शब्द चिमटीत धरून पाहायचा. पुस्तकात याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात आणि मुलं ती शब्दकोशातून उतरवतात. ‘कामगार म्हणजे श्रम करणारी व्यक्ती.’ त्याचा काही उपयोग नाही.

आमच्या प्रश्नात अवघड शब्द होता ‘दिवस’. कामाचा दिवस म्हणजे कुठला? अर्ध्या दिवसाने घरी पाठवलं तर तो धरायचा का? कायद्यात दुरुस्ती, डागडुजी, पाडकाम हेही बांधकामात येतं, म्हणजे फ्लॅटचा राडारोडा गोणीत भरून खाली आणला तर तो दिवस धरायचा. पण त्याच बाईला काम लागलं नाही म्हणून ती मंगल कार्यालयात भांडी घासायला गेली, किंवा एखाद्या सोसायटीच्या बागेतलं गवत काढलं, तर? बाईच्या दृष्टीने तो कामाचा दिवस आहे, कायद्याच्या दृष्टीने नाही. आम्ही ठरवलं की दोन्ही वेगवेगळे लिहून घ्यायचे. हा निर्णय मुलाखती सुरू होण्याआधी झाला म्हणून बरं. अर्ध्यात लक्षात आलं असतं तर आधीच्या सगळ्या मुलाखती बाद झाल्या असत्या.

‘जोडी’ शब्दाचंही तसंच. नवरा-बायको, दीर-भावजय, मायलेकी, सगळ्याच जोड्या असतात. आम्ही फक्त नवरा-बायको धरले, आणि का धरले ते दोन ओळींत लिहून ठेवलं.

तुम्ही ज्येष्ठांवर काम करत असाल तर ‘एकटेपणा’ या शब्दाला असंच उलगडा. कोथरूडला दोन खोल्यांत राहणाऱ्या आजी, मुलगा अमेरिकेत. एकटेपणा मोजायला गेलात तर त्या हसून “मला काही कमी नाही” म्हणतील. पण रात्री दोनला छातीत दुखलं तर दवाखान्यात दाखल करताना फॉर्मवर सही कोण करतं, हे विचारा. शेजारी, कामवाली बाई, सोसायटीचा सेक्रेटरी? तिथे तुम्हाला एकटेपणा दिसेल, आणि तो लिहून काढता येईल असा असेल.

वाचन केव्हा आणि कसं

साहित्याचा आढावा हे प्रकरण मुलं शेवटी लिहितात. ते आत्ता करायचं, प्रश्न अजून ओला असताना. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध आहेत. टाटा इन्स्टिट्यूटचं समाजकार्याचं इंग्रजी त्रैमासिक १९४० पासून निघतंय. वाचताना निष्कर्ष उतरवू नका. एवढंच पाहा: यांनी कुणाला विचारलं आणि कुणाला विचारलंच नाही? बांधकाम मजुरांवर भरपूर लिहिलेलं आहे. पण आम्हाला जे मिळालं त्यात मजूर म्हणजे एकेकटा माणूस होता. जोडीतल्या बाईच्या हजेरीपाशी कुणी थांबलेलं आम्हाला तरी दिसलं नाही.

आकडेवारीबद्दल एक सावधगिरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे जिल्हावार आकडे मुलं पहिल्या प्रकरणात घालतात. पार्श्वभूमी म्हणून ठीक. पण पुणे जिल्ह्यात हिंजवडीही येते आणि वेल्ह्याच्या डोंगरातली वाडीही येते. जिल्ह्याचा आकडा तुमच्या वस्तीविषयी काही सांगतो असं समजू नका.

कुणाच्या कामाचं आहे हे?

लसूण सोलणाऱ्या मावशींच्या प्रश्नाकडे मी परत येते. समाजकार्याचं संशोधन निव्वळ ज्ञानासाठी असू नये असं माझं ठाम मत आहे. उत्तर मिळाल्यावर ते कुणापुढे ठेवणार, हे आधी ठरवा. आमच्या शहरात याचं मोठं उदाहरण आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली, बाबा आढावांच्या पुढाकाराने. कचरावेचक बायकांची हलाखी सगळ्यांना दिसत होतीच. पुढे पंचायतीने आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या मंडळींनी वेगळा प्रश्न विचारला: या बायका रोज जो कचरा उचलतात, त्यामुळे महापालिकेचा किती खर्च वाचतो? ते मोजून मांडलं. हिशेब समोर आला की बोलणं बदलतं. पुढे महापालिकेने या बायकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. ‘कचरावेचकांच्या समस्या’ असा अहवाल कपाटात गेला असता.

आमचं उत्तर कुणाच्या कामाचं होतं? फील्डवर्कच्या संस्थेच्या. त्यांच्या कार्यकर्त्या दाखल्यासाठी रोज भांडत होत्या. हजेरी कुठे बुडते हे कळलं तर मुकादमाशी काय बोलायचं आणि कार्यालयात काय मागायचं, हे त्यांना ठरवता येणार होतं. म्हणून प्रश्नाचा मसुदा आम्ही आधी त्यांना दाखवला. त्यांनी ‘ठेकेदार’ खोडून ‘मुकादम’ केलं. ठेकेदार अड्ड्यावर येतच नाही, त्या म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं.

जे करता येणार नाही ते सोडा

काही प्रश्न नेमके असतात, चांगले असतात आणि तरी घेऊ नयेत. परवानगी मिळायलाच चार महिने लागतील अशी जागा, जिथे बोलल्यावर त्या माणसाची रोजीरोटी जाईल अशी जागा, लहान मुलांना त्यांच्यावरच्या अत्याचाराविषयी विचारायचं आणि त्यानंतर त्यांना सांभाळायला कुणी नाही, अशी जागा. पदवीच्या कामासाठी हे करू नये. यात मी तडजोड करत नाही.

अड्ड्यावरही धोका होताच. मुकादमाच्या देखत हजेरीविषयी विचारलं तर उद्या त्या बाईला टेम्पोत घेणार नाहीत. आणि नवऱ्यादेखत विचारलं तर रात्री घरात वाद. मग मुलाखत घ्यायची कुठे? दहानंतर फूटपाथवर बसलेल्या बायकांशी बोलणं सर्वांत सोपं होतं, पण त्यांना त्या दिवशी काम लागलेलं नसतं. फक्त त्यांनाच विचारलं तर ज्यांना रोज काम लागतं त्या सगळ्या सुटतात आणि चित्र एकांगी होतं. शेवटी बायकांनीच मार्ग काढला. बांधकामावरच्या बऱ्याच जणी अमावास्येला कामाला जात नाहीत. त्या दिवशी दुपारी नवरे झोपलेले किंवा बाहेर गेलेले असतात आणि बायका नळावर धुणं धूत असतात. मुलीने अमावास्येच्या तारखा बघून वेळापत्रक केलं. किती अमावास्या हाताशी आहेत, यावरून किती मुलाखती होतील तेही ठरलं. तीसच्या आतबाहेर. तेवढ्या पुरतात. नीट ऐकलेल्या तीस मुलाखती घाईने भरलेल्या तीनशे फॉर्मांपेक्षा मला जास्त सांगतात, निदान ‘कसं’ आणि ‘का’ विचारणाऱ्या प्रश्नात. ‘किती’ विचारायचं असेल तर मात्र मोठा नमुना लागतो आणि तो कसा निवडला याचं चोख उत्तर द्यावं लागतं.

उद्दिष्टं तीनच ठेवा. प्रत्येक उद्दिष्ट मूळ प्रश्नाचा तुकडा असावा. ‘शिफारशी सुचवणे’ हे उद्दिष्ट नव्हे. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक हटकून हेच पकडतात.

शेवटची परीक्षा

सिनॉप्सिस टाइप करण्याआधी एक गोष्ट मी सगळ्यांना करायला लावते. तुमचा प्रश्न, कागदावरचा, ज्यांच्याविषयी आहे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. सोपा करून सांगा, पण पातळ करू नका. त्यांना तो आपला वाटतो का ते बघा. चेहरे कोरे राहिले तर परत वहीकडे जा.

त्या मुलीबरोबर मीही गेले. कार्तिकातली अमावास्या, थंडी होती. नळापाशी चार बायका होत्या. तिने वाचलं: तुम्ही जोडीने कामाला जाता, तुमच्या दिवसांची नोंद कोण ठेवतं, कुणाच्या नावावर? तिघी एकदम बोलायला लागल्या. चौथी, वयाने मोठी, हात पुसत आत गेली आणि भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यासकट काढून घेऊन आली. मागची पानं उलटून तिने दाखवली. तारखांच्या चौकोनात निळ्या पेनाने फुल्या होत्या, काही ठिकाणी अर्धी फुली, म्हणजे अर्धा दिवस. लिहिता येत नव्हतं तिला. फुल्या मात्र जानेवारीपासून सलग होत्या.

“त्यांची हजेरी मुकादमाच्या वहीत,” ती म्हणाली, “माझी हितं.”

घरी परतताना बसमध्ये मुलीने वही काढली आणि प्रश्नात चार शब्द घातले. ‘कोण, कुठे आणि कुणाच्या नावावर ठेवतं’ याच्यापुढे तिने लिहिलं: ‘त्या स्वतः कशी ठेवतात’.